वळचणीची हवा आढ्याला

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि दुपार सरेपर्यंत दापोली तालुक्यातील आमच्या घराच्या पश्चिमेकडील पाख्यावर मोजून अकरा कौले उरली. मृग चार दिवसांवर आला होता. नवी कौले मिळत नव्हती आणि मिळाली असती तरी ती चढवायला माणूस नव्हता, कारण वाडीतील प्रत्येक घर उघडे पडले होते; शिवाय वादळाआधीची चार-पाच वर्षे वानरांनी कौलांवर जो धुमाकूळ घातला होता, त्याला सासूबाई इतक्या विटल्या होत्या की पुन्हा कौलांचे नाव काढायची त्यांची तयारी नव्हती. तेव्हा आम्हीही इटकरी रंगाचे पत्रे घातले. "काकू, पत्रा एकदा मारला की विषय संपला," असे पत्रे बसवणाऱ्या फॅब्रिकेटरने सांगितले. गळतीपुरते त्याचे म्हणणे खरे ठरले. बाकीचा विषय मात्र तेथूनच सुरू झाला आणि तो मार्गी लागायला तीन वर्षे गेली व दोनदा खर्च झाला, त्यातील पहिला खर्च तर पुरता पाण्यात गेला.

घर साधेच आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद असा ओटी, माजघर व दोन खोल्यांचा मधला भाग, त्यावर फणसाच्या फळ्यांची तक्तपोशी आणि तक्तपोशीच्या वर आढ्यापर्यंत माळा. मागे स्वयंपाकघर, पुढे पडवी. माळ्यावर ताठ उभे राहता येते ते फक्त आढ्याखाली; तेथून दोन्ही बाजूंना वाकत, मग बसत आणि शेवटी सरपटत वळचणीपर्यंत जावे लागते. भाताचे बियाणे, आमसुलांचे डबे, गणपतीची माटवी आणि कोणालाच टाकवत नाहीत अशा असंख्य वस्तू तेथे असत.

कौले होती तोवर माळ्याच्या उष्म्याचा कोणी विचार केला नव्हता. आमच्या जुन्या कौलांपैकी काहींवर बासेल मिशनच्या कारखान्याचा 1865 सालचा शिक्का होता, आणि त्यांतील फुटकी कौले आता तुळशीभोवती उभी रोवलेली आहेत. अडीच किलोच्या आसपास वजनाचे भाजल्या मातीचे ते कौल तापायला वेळ घेते हे खरेच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोन कौलांच्या मधून हवा जाते. थंडीच्या सकाळी शेताच्या बांधावरून पाहिले, तर स्वयंपाकघरातील चुलीचा धूर सगळ्या छपरातून झिरपताना दिसे आणि नवख्या माणसाला घर पेटले आहे की काय असे वाटे. ज्या फटींतून धूर जात होता त्यांतूनच माळ्यावरची तापलेली हवाही जात होती. ती जात होती हे आम्हाला ती जायची थांबल्यावर कळले.

पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा. ऊन आले की दहा मिनिटांत तापतो. त्यातून फॅब्रिकेटरने काम फार नीटनेटके केले होते: वळचणीला पत्र्याच्या नागमोडी कडेखाली फोमच्या पट्ट्या भरल्या, आढ्यावर रिज कॅप घट्ट आवळून बसवली आणि बाजूच्या त्रिकोणी भिंतींतील जुने झरोके, पाखरे येऊ नयेत म्हणून, सिमेंटने बुजवले. छपरातून पाण्याचा थेंब आत येत नव्हता आणि हवेचा कणही बाहेर जात नव्हता. 2021 च्या उन्हाळ्यात सासूबाईंनी आपली खाट माजघरातून पडवीत नेली. पत्रे पडवीवरही होते, पण तिच्या तिन्ही बाजू उघड्या होत्या. एप्रिलमध्ये आमसुलांचा डबा खाली काढला, तेव्हा त्याचे झाकण हाताला चटका देण्याइतके तापलेले होते.

पुढच्या वर्षी, 2022 च्या एप्रिलमध्ये, आम्ही पहिला उपाय केला. तालुक्याच्या ठिकाणच्या एका दुकानदाराने माणसे पाठवून पत्र्याच्या अगदी खाली, दोन वाशांच्या मध्ये, एक इंच जाडीचे थर्माकोल चिकटवून दिले. सव्वीस हजार रुपये झाले. पहिले पंधरा दिवस थोडा फरक वाटला. जूनमध्ये वरून पांढरे मणी गळू लागले. तक्तपोशीच्या फटींतून ते माजघरात, जेवणाच्या ताटात, देवघरातील निरांजनात पडत. माळ्यावर जाऊन पाहिले तर उंदरांनी थर्माकोलमध्ये बिळे केली होती आणि काळ्या मुंग्यांनी अंडी नेऊन ठेवली होती. ज्याला सहज आग लागते असा पदार्थ चुलीच्या घरात, लाकडाच्या वाशांत, जुन्या वायरींच्या शेजारी आपण भरून ठेवला आहे, हे मला तेव्हा प्रथमच लख्ख जाणवले. मी डोंबिवलीच्या शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले. वहन, अभिसरण आणि प्रारण हा धडा किती वेळा फळ्यावर मांडला असेल याची गणती नाही. स्वतःच्या डोक्यावरच्या छपराला तो लावून पाहण्याचे मात्र सुचले नव्हते.

ते सुचवले माझ्या आतेदिरांनी. त्यांचे आयुष्य नवी मुंबईत शीतगृहे उभारण्याच्या कामात गेले. डिसेंबरमध्ये ते सहकुटुंब आले होते आणि पहाटे माजघरात झोपलेले असताना त्यांच्या अंगावर थेंब पडले. आकाश स्वच्छ होते. रात्रभर उघड्या आकाशाखाली पत्रा हवेपेक्षाही गार होतो आणि माळ्यावर कोंडलेल्या दमट हवेतील बाष्प त्याच्या खालच्या बाजूला दवासारखे जमून टपकते. सकाळी चहा होताच ते टॉर्च घेऊन वर गेले, तासाभराने कपड्यांना जाळी-जळमटे लावून खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही उन्हाला दार लावलंत, पण त्याला आत घेऊन."

त्यांनी मला जे समजावले त्यात माझ्यासाठी नवे असे काही नव्हते, फक्त क्रम नवा होता. चुलीसमोर बसले की तोंड भाजते आणि पाठ गार राहते. तापलेला पत्रा तक्तपोशीला तसाच वरून भाजत असतो. हे प्रारण अडवायला जाड थर लागत नाही, चकचकीत पृष्ठभाग लागतो, पण त्या पृष्ठभागासमोर मोकळी हवा असली पाहिजे; ॲल्युमिनियमचा कागद पत्र्याला चिकटवला तर तो नुसता पत्र्याचाच एक भाग होऊन तापतो. दुसरे, तापलेली हवा वर जाते, तेव्हा तिला आढ्यापाशी वाट हवी. आणि ती बाहेर पडायची तर तिच्या जागी खालून, वळचणीतून, गार हवा आत यायला हवी. आढ्याचे पाणी वळचणीला जायचेच, असे आपण म्हणतो. हवेचा प्रवास नेमका उलटा असतो. या दोन गोष्टी झाल्यावरच तक्तपोशीवर जाड थर घालायचा. आम्ही वाट न करता थर भरला होता, आणि तोही ज्या पोकळीतून हवा वाहायची त्याच पोकळीत.

काम करण्याआधी मोजमापे घ्यावीत असा माझा आग्रह होता. करोनाच्या काळात घेतलेली कपाळाचा ताप मोजायची थर्मल गन घरात पडून होती. तिच्यावरील बटण बदलले की ती वस्तूंच्या पृष्ठभागाचे तापमान दाखवते. 2023 च्या एप्रिलमध्ये थर्माकोल उतरवून गोण्यांत भरले आणि आठवडाभर रोज दुपारी अडीच वाजता मी माळ्यावर चढले. बाहेर सावलीत 34 अंश असताना पत्र्याची खालची बाजू 63, माळ्यावर टांगलेल्या साध्या तापमापकावर हवा 50 आणि माजघरातून वर पाहता तक्तपोशी 42 अंश, असे आकडे साधारण रोज येत. रात्री दहा वाजताही तक्तपोशी 37 वर होती. पंखा लावला की तोच उष्मा अंगावर येई.

हवेच्या वाटेचा हिशेब आतेदिरांनी करून दिला. अमेरिकेतील घरबांधणीच्या नियमांत माळ्याच्या जमिनीच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग हवेसाठी मोकळा ठेवावा असे प्रमाण आहे, आणि काही अटी पाळल्या तर तीनशेवा भागही चालतो. आम्ही दीडशेवा धरला. माळा सहाशे चौरस फुटांचा, म्हणजे चार चौरस फूट. त्यातील निम्मी वाट वळचणीला आणि निम्मी आढ्याला. जाळी लावली की मोकळ्या जागेचा बराच भाग जाळीच खाते, म्हणून सगळे दुपटीहून थोडे अधिक धरले: दोन्ही वळचणींना तीस-तीस फूट लांब आणि एक इंच रुंद फट, आणि आढ्यावर दोन्ही अंगांना एकेक इंच. कागदावर ही जागा नगण्य दिसते. फॅब्रिकेटरला ती फारच मोठी वाटली आणि पाऊस आत आला तर मला विचारायचे नाही, असे त्याने दोनदा बजावले.

छपरावर टर्बो व्हेंटिलेटर, म्हणजे वाऱ्यावर फिरणारे ते भोपळ्यासारखे पंखे, बसवा असा सल्ला मला तीन जणांनी दिला. कारखान्यांवर ते चांगले चालतात हे मला ठाऊक आहे. परंतु त्यासाठी छपराला मोठी भोके पाडावी लागतात, खाडीवरून येणाऱ्या खाऱ्या हवेत त्यांची बेअरिंगे फार दिवस टिकतील असे मला वाटले नाही, आणि आढे सलग उघडे असताना त्यांची गरज उरत नाही. तो खर्च मी केला नाही.

काम सकाळी सहा ते नऊ याच वेळात चाले. याला उन्हाखेरीज आणखी एक कारण होते. ऑस्ट्रेलियात 2009-10 मध्ये सरकारी योजनेतून घरोघरी माळ्यांवर असे थर बसवले जात असताना चार तरुण कामगार दगावले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक उष्माघाताने. धातूचा कागद आणि धातूचे स्टेपल जुन्या वायरींच्या सान्निध्यात काय करू शकतात हे आतेदिरांनी कामगारांना आधीच बसवून सांगितले. रोज मेन स्विच बंद करूनच माणसे वर जात आणि उजेडासाठी बॅटरीचे दिवे नेत. वाशांवरून सैल लोंबणाऱ्या जुन्या वायरी वायरमनने काढल्या आणि नव्या वायरी पाइपात घालून तक्तपोशीपासून वर, भिंतीच्या कडेने नेल्या, कारण वायर जाड थराखाली पुरली गेली तर तिची उष्णता बाहेर पडत नाही.

प्रथम आढे उघडले. पत्र्याच्या वरच्या कडा एकेक इंच मागे कापल्या, आणि त्या ग्राइंडरने नव्हे तर पत्राकात्रीने कापाव्यात याकडे मी स्वतः लक्ष दिले. ग्राइंडरचा तापलेला कीस रंगावर पडला की त्या प्रत्येक ठिपक्यातून पुढे गंज फुटतो. मग पत्र्याच्या नागमोडीतील प्रत्येक खोलगट भागाची वरची कड पकडीने वर वळवली, म्हणजे वाऱ्याने ढकललेले पाणी तेथे अडून परत फिरते. जुनी रिज कॅप दोन इंच उंचीच्या पायांवर पुन्हा बसवली आणि तिच्या दोन्ही कडा खाली दुमडल्या. वळचणीतील फोम खरवडून काढला. दोन्ही ठिकाणी पाव इंची छिद्रांची स्टेनलेस स्टीलची जाळी लावली. डासांची बारीक जाळी धुळीने आणि कोळिष्टकांनी वर्षभरात बुजते, आणि गॅल्व्हनाइज्ड जाळी आमच्याकडे दोन पावसाळ्यांत गंजते. उंदीर, वटवाघळे आणि साप एवढ्यांना अडवले की पुरे.

त्यानंतर दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असलेली बबल शीट वाशांच्या खालच्या अंगाला ताणून लावली. वासे चार इंच उभे असल्यामुळे पत्रा आणि शीट यांच्यामध्ये चार इंचांची पोकळी राहिली आणि ती वळचणीपासून आढ्यापर्यंत सलग होती. आढ्यापाशी शीट तीन इंच अलीकडेच थांबवली, म्हणजे माळ्यावरची हवाही त्याच वाटेने निघून जाते. येथे एक चूक झाली. मी खाली न्याहारीचे पाहत असताना कामगाराने शीटचे पट्टे वरून खाली लावत आणले आणि प्रत्येक खालचा पट्टा वरच्याच्या पाठीवर, म्हणजे पत्र्याच्या बाजूने, चढवला. पत्र्यावरून टपकणारे दव शीटवर पडून उताराने वळचणीकडे जायचे असेल, तर कौलांप्रमाणेच वरच्याचे टोक खालच्याच्या वर यायला हवे. नाहीतर प्रत्येक जोडावर पाणी आत शिरणार. मी तांब्याभर पाणी आढ्याच्या फटीतून ओतून दाखवले. ते तिसऱ्या जोडातून थेट त्याच्या खांद्यावर पडले. एक पाखे पुन्हा उतरवून, खालून सुरुवात करून लावावे लागले. जोडांवर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी मारली आणि स्टेपलवर भरवसा न ठेवता वाशांवर लाकडी पट्ट्या ठोकल्या.

शेवटी तक्तपोशीवर पन्नास मिलिमीटर जाडीचे रॉकवूल अंथरले. बेसाल्ट, म्हणजे सह्याद्रीचा आपला काळा दगडच, वितळवून त्याचे सूत काढतात आणि त्याचे हे पट बनवतात. ते पेटत नाहीत आणि उंदरांना त्यात खाण्याजोगे काही सापडत नाही. अंगाला मात्र भयंकर खाजतात. पूर्ण बाह्यांचे सदरे, हातमोजे आणि मुखपट्टी यांशिवाय मी कोणाला वर जाऊ दिले नाही. फळ्यांच्या फटींतून तंतू खाली पडू नयेत म्हणून आधी कोऱ्या मांजरपाटाचे कापड पसरले. प्लॅस्टिक पसरावे असे एकाने सुचवले होते, पण आमच्या दमट हवेत प्लॅस्टिकखाली फणसाच्या फळ्या घामेजून कुजल्या असत्या. आढ्याखालची चालायची पट्टी फळ्या टाकून मोकळी ठेवली आणि सामान तेवढ्यावरच मावेल इतके कमी केले. या घरातील सर्वांत अवघड काम तेच होते. स्वयंपाकघराच्या चुलीवर धुराडे बसवून ते भिंतीतून थेट बाहेर काढले, कारण धूर आणि वाफ माळ्यावर सोडली तर पुन्हा तेच दव आणि तीच काजळी.

त्या वर्षी पाऊस लांबला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात तो धरून लागला, तेव्हा मी दर दोन तासांनी टॉर्च घेऊन वर जात होते. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री नैर्ऋत्येकडून वारा फिरला आणि आढ्याच्या एका टोकाखाली रॉकवूलवर वाटीभर पाणी पडलेले सापडले. फॅब्रिकेटर आला तो मी सांगितलेच होते अशा चेहऱ्याने, पण इलाज त्यानेच काढला: त्या बाजूच्या फटीसमोर, चार बोटे अंतर सोडून, पत्र्याची एक उभी पट्टी बसवली, म्हणजे वारा तिच्यावर आपटून वर उडतो आणि फटीत सरळ घुसत नाही. भिजलेले पट उचलून पडवीत उभे केले, ते उघडीप मिळताच वाळले. त्यानंतर जुलैच्या झडीतही हाताला लागेल न लागेल असा दमटपणा सोडून आत काही आले नाही.

2024 च्या मे महिन्यात मी तीच गन आणि तोच तापमापक घेऊन त्याच वेळी पुन्हा मोजले. बाहेर 34, वळचणीच्या टोकाला उघड्या राहिलेल्या पत्र्याची खालची बाजू 64, म्हणजे पत्रा पूर्वीइतकाच तापत होता. शीटची खालची बाजू 39, माळ्यावरची हवा 37 आणि माजघराची तक्तपोशी 35 अंश. रात्री दहा वाजता तक्तपोशी 31. हे थंडगार घर नव्हे. हवेतील दमटपणा जेथल्या तेथे आहे आणि मे महिन्यात पंख्यावाचून आजही चालत नाही. पण पंख्याचा वारा आता वारा वाटतो. दव टपकणे पहिल्याच हिवाळ्यात थांबले होते. ज्याचा मी विचारच केला नव्हता असा लाभ पावसाळ्यात झाला: पत्र्यावर पडणाऱ्या सरींचा आवाज इतका मंदावला की माजघरात फोनवरचे बोलणे ऐकू येऊ लागले. सासूबाईंची खाट परत आत आली, मात्र दुपारी पडवीत बसायची त्यांना लागलेली सवय काही सुटली नाही.

सगळ्याला एकाहत्तर हजार रुपये लागले. थर्माकोलचे सव्वीस हजार वेगळे. पत्रे घालतानाच आढे आणि वळचण मोकळी ठेवली असती, तर आढ्याच्या कामाची दुबार मजुरी वाचली असती. पत्र्याचा रंग पांढरा घेतला असता तर तो मुळात कमी तापला असता, हेही मला आता कळते. परंतु कौलांसारखे दिसावे म्हणून आम्ही इटकरी निवडला, आणि आता वरून पांढरा रंग द्यावा तर आमच्याकडील शेवाळ तो दोन पावसाळ्यांत काळा करून ठेवील.

पडवीवरचे पत्रे अजून उघडेच आहेत. तेथील वासे अडीच इंचीच असल्यामुळे पोकळी पुरेशी ठेवण्यासाठी त्यांच्याखाली जादा पट्ट्या ठोकाव्या लागतील. ते काम मार्चमध्ये, आंब्याची घाई सुरू होण्याआधी, करायचे ठरले आहे. जाळी आणून ठेवली आहे आणि शीट कोणत्या टोकापासून लावायची ते पडवीच्या खांबावर खडूने बाण काढून लिहून ठेवले आहे.